चुना वर चढत नाही

आमच्या गावच्या वाचनालयात भिंतीवर गावातल्या नामांकित माणसांचे फोटो लावायचं ठरलंय. तेओफिल लाबुडाच्या फोटोखाली चार ओळी मी लिहाव्यात, असं वाचनालयाच्या बाई सांगून गेल्या. जाता जाता दारातून वळून म्हणाल्या, “आणि ऊर्सुला, चांगलं चांगलं लिही हं.” तो जिवंत असताना ज्या गावाने त्याला बसायला कधी खुर्ची पुढे केली नाही, त्या गावाला आता त्याला काचेत बसवायचंय. असो. चार ओळींत तो मावत नाही आणि चांगलं चांगलं मला लिहिता येत नाही. मी अठ्ठावीस वर्षं जिल्ह्याच्या जमीन-नोंदणी कचेरीत कारकून होते. जमिनीसाठी माणूस किती खोटं बोलतो, ते रोज माझ्या टेबलापलीकडे येऊन उभं राहायचं.

तेओफिल मातीचा वर्ग ठरवायचा. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं हेच एक काम. शेतात छातीएवढा खड्डा खणायचा, आत उतरायचं, मातीचा उभा काप फावड्याने साफ करायचा, त्याच्याकडे तासभर बघायचं आणि वर येऊन सांगायचं, तिसरा-अ, चौथा-ब, पाचवा. पहिला वर्ग आमच्या जिल्ह्यात नाहीच, दुसरा औषधापुरता. सहावा म्हणजे निव्वळ वाळू, तिथे राय नावाचं हलकं धान्य पेरलं तर तेसुद्धा मनाविरुद्ध उगवतं.

दिसायला बुटका, कान मोठे, पँटच्या मांड्यांवर बारीक बारीक भोकं. ती भोकं ॲसिडची. मातीत चुना लागला की फेसाळतं म्हणून खिशात पातळ ॲसिडची बाटली घेऊन हिंडायचा आणि बूच घट्ट लावायचं त्याला कधी सुचलं नाही. कचेरीत शिरला की दारापासून माझ्या टेबलापर्यंत चिखलाची ढेकळं.

“लाबुडासाहेब, बाहेर पायपुसणं आहे!”

“आहे की, ऊर्सुलाबाई. पण ही ग्लिनोवोची तिसरी-ब आहे. असली माती पायपुसण्याला कशी पुसू?”

असल्या विनोदांना तो एकटाच हसायचा. मी झाडू घ्यायचे.

त्याचा जन्म वाळूवरचा. बापाची चार हेक्टर जमीन, सगळी सहावा वर्ग. लहानपणी म्हणे त्यांच्या घरी पोटभर खाणं सापडायचं ते फक्त बटाटे काढायच्या दिवसांत. म्हणून असेल, पण टेकडीपलीकडच्या पोयट्याच्या मातीबद्दल तो असा बोलायचा की ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी. ती माती बर्फाने आणलेली. उत्तरेकडून बर्फाचा डोंगर सरकत आला, वाटेत जे सापडलं ते दळत आला आणि इथे वितळून सगळं टाकून गेला. चिकण, वाळू, पीठ झालेला दगड, मुठीएवढे गोटे आणि गाईएवढे धोंडे, सगळं एकाच ढिगात. “पाणी कसं, निवडून ठेवतं,” तेओफिल सांगायचा. “वाळू इकडे, गाळ तिकडे. वारा चाळून ठेवतो. बर्फाने नुसतं दळलं आणि न चाळताच पोतं उपडं केलं. म्हणूनच ती चांगली. चिकण पाणी धरते, वाळू वाट देते, दगडाच्या पिठातला चुना मुळं खातात.” आमच्या शेतांत वसंतात पहिलं पीक दगडांचं येतं, हे मात्र तो सांगायचा नाही. ते वेचून वेचून ज्यांच्या कमरा गेल्या, त्यांना त्याचं हे कौतुक ऐकवत नसे.

वीस वर्षांचा असताना त्याला हे काम लागलं. सगळ्या देशातल्या जमिनीची वर्गवारी चालू होती. त्या काळी जितका वरचा वर्ग, तितकं जास्त धान्य आणि तितकी जास्त डुकरं सरकारला घालावी लागायची. त्यामुळे खड्डा खणायला माणूस आला की गावोगाव रडारड. ज्यांच्या गव्हाची लोंबी हातात मावत नसे, ते छाती पिटायचे, “साहेब, ही कसली माती, हे तर आमचं नशीब फुटलंय!” तेओफिलने कुणाचं ऐकलं नाही. सख्ख्या मामाच्या शेतात खड्डा खणला आणि तिसरा-ब लिहिला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे अनोळखी पाहुण्यासाठी टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात. मामाच्या घरीही मांडायचे. त्या ताटावर वाटेवरचा भिकारी चालला असता, पोलीसही चालला असता. तेओफिलला मामाने मरेपर्यंत दारात उभं केलं नाही.

मला विचाराल तर त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. नियम सोडून माणसाला दुसरं काही येतच नसेल, तर त्याला प्रामाणिक म्हणायचं की ठोंब्या, हे मी तरी कधी ठरवू शकले नाही. त्याचा आणखी एक नियम तपकिरीचा. आमच्याकडे तपकीर गाईच्या पोकळ शिंगात ठेवतात. कुणी ते शिंग पुढे केलं आणि तुम्ही चिमूट घेतली नाहीत, तर ते त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखंच. तेओफिलला तपकीर जिवापाड प्यारी. पण ज्याची माती तपासायची त्याच्या शिंगाला, खड्डा बुजेपर्यंत, हा हात लावायचा नाही. नाक लाल करून, शिंका दाबून उभा राहायचा. खड्डा बुजला की मागून घ्यायचा.

आता गेरार्ड फोर्मेला. त्याला मी चोर म्हणणार नाही, चोर निदान दुसऱ्याचं चोरतो. तळ्याकडे उतरत जाणारी आठ हेक्टर जमीन याची, बापजाद्यांची. तेओफिलनेच तरुणपणी तिला तिसरा-अ दिलेला. बाप रडला होता तेव्हा. पुढे सरकारला धान्य घालणं बंद झालं आणि गेरार्डने तोच दाखला चौकटीत घालून येशूच्या तसबिरीशेजारी टांगला. लग्न असो, बारसं असो, कुणाचं दफन असो, दुसऱ्या ग्लासानंतर गेरार्ड सुरू. “तिसरा-अ! बोट घातलं तर बोटाला पालवी फुटेल!” तीस वर्षं ऐकलंय मी हे.

मग ग्दान्स्क शहरातून एक माणूस आला. चकचकीत बूट, हातात नकाशा. त्याने गेरार्डला सांगितलं की तळं दिसणाऱ्या जमिनीचे तुकडे पाडले तर शहरातले लोक उन्हाळी घरांसाठी रांग लावतील. अडचण एकच. तिसऱ्या वर्गाच्या शेतजमिनीवर घर बांधायचं तर राजधानीतल्या मंत्र्याची परवानगी लागते आणि ती मिळत नाही. चौथ्या वर्गाला ती परवानगी लागत नाही.

पुढच्या रविवारी चर्चबाहेर गेरार्ड म्हणाला, “माती कसली, शिक्षा आहे ती. सगळे धोंडे.” आणि चौकट भिंतीवरून उतरली.

फेरवर्गवारीचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. ऑगस्टमध्ये कापणी झाल्यावर आम्ही गेलो. तेओफिल खणायला आणि मी जागेवरचा अहवाल लिहून घ्यायला. बांधावर गेरार्ड आणि त्याची बायको ब्रिगिडा उभे. ब्रिगिडाने लोण्याचा केक आणि ताकाचा जग आणलेला. गेरार्डने शिंग पुढे केलं. “घ्या, लाबुडासाहेब. ताजी आहे.”

“खड्डा बुजू दे.”

“बरं बरं. मग इथे खणा, इथे. ही बघा माझी खरी जमीन, अगदी जशी आहे तशी.” आणि गेरार्डने उताराच्या मधोमध बोट दाखवलं.

मालकाने बोट दाखवलेल्या जागी तेओफिल खणत नाही, हे जिल्ह्यातलं शेंबडं पोरही जाणतं. गेरार्डही जाणत होता आणि त्याचा सगळा डाव त्यावरच होता. तेओफिल वळला, चढावर, जिथे तरुणपणी खणलं होतं त्या जंगली नासपतीच्या झाडापर्यंत चालत गेला, गिरमिट टोचलं आणि म्हणाला, “इथे.” गेरार्डचा चेहरा असा फुलला की मला तेव्हाच काळंबेरं वाटलं.

पहिलं फावडं वाळूत गेलं. दुसरंही. पिवळी, स्वच्छ, हाताला गुळगुळीत वाळू.

“बघा!” गेरार्ड ओरडला. “मी म्हणत नव्हतो? वाळू! माझ्या बापाला फसवलंत तुम्ही, लाबुडासाहेब. पन्नास वर्षं आम्ही वाळूवर तिसऱ्या वर्गाची ओझी वाहिली!”

तेओफिल खणत राहिला. वीस सेंटिमीटरवर वाळू संपली, अगदी सुरीने कापल्यासारखी, आणि खाली लागली गव्हाची धसकटं, मुळांसकट उभी. त्यांच्याखाली तीस सेंटिमीटर काळी माती, बोटांत वळली तर वातीसारखी वळणारी आणि वाकवली की किंचित भेगाळणारी, त्याखाली फिकट थर, जिथली चिकण पावसाने खाली नेलेली, मग तांबूस चिकट थर. त्याने कापावर वरून खाली ॲसिडचे थेंब टाकत नेले. काही नाही, काही नाही, काही नाही, आणि मग एका रेषेखाली फस्स करून फेस आला. काळ्या मातीच्या माथ्यापासून त्याने पट्टी लावली. “चुना नव्वदवर. लिहा, ऊर्सुलाबाई.”

मग खड्ड्यातूनच हात वर करून त्याने तळव्यावरची वाळू गेरार्डला दाखवली. वाळूत पांढरा ठिपका होता.

“हे काय, गेरार्ड?”

“काय असणार? खडा.”

“गोगलगाय आहे. तळ्यातली. पाण्याबाहेर जगत नाही ही.” तेओफिलने वर नासपतीकडे आणि मग खाली लांब तळ्याकडे पाहिलं. “एवढा चढ चढून आली बिचारी. आणि येताना वाळूही घेऊन आली.”

ब्रिगिडा आधी नवऱ्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की ताकाचा जग खाली ठेवावा लागला. “आठवडाभर ट्रॅक्टर घेऊन हा रोज कुठे जातो, ते आता कळलं मला! मी म्हटलं बाई ठेवलीय की काय. ह्याने तर वाळू ठेवलीय!”

मीही हसले, खोटं कशाला बोलू. सबंध आयुष्य ज्याने आपलं शेत आपल्या हाताने नांगरलं, त्याला आपल्या धसकटांवर वाळू टाकताना धसकटं आधी उपटावीत, एवढंही सुचू नये? तेओफिल मात्र हसला नाही. खड्डा बुजवला, अहवालावर ‘तिसरा-अ, बदल नाही’ असं लिहिलं आणि गेरार्डसमोर हात पसरला, “आता दे तपकीर.” गेरार्ड तरातरा घराकडे निघून गेला.

इथे हे संपायला हवं होतं. पण हसं झालेला माणूस गप्प बसत नाही. त्यातून ग्दान्स्कचा माणूस पुन्हा आला. या वेळी वाळू-बिळू नाही, त्याने यंत्रं पाठवली. ‘शेत सपाट करणं’ असं त्याला नाव दिलं. वरची काळी माती खरवडून ढीग केले आणि ढीग ट्रकमध्ये भरून न्यायला सुरुवात झाली. शहराबाहेर नवे बंगले उठत होते, त्यांच्या हिरवळींना, बागांना, आणखी कुणाकुणाला. सबंध शरद ऋतू रोज दहा-बारा ट्रक गावाच्या मधल्या रस्त्याने गेले. बेकरीसमोर काळ्या मातीची रांगोळी पडायची आणि बेकरीवाली ती झाडून टाकायची. पाद्रीबाबांना ट्रक दिसले नाहीत, सरपंचाला दिसले नाहीत, शाळेतल्या मास्तरांना दिसले नाहीत. साऱ्या गावाला एकदम मोतीबिंदू झाला. कारण सरळ होतं. तळ्याच्या काठाला आणखी सहा जणांची जमीन होती आणि गेरार्डचं कसं जमतंय, ते प्रत्येकाला आधी बघायचं होतं.

तेओफिल त्या महिन्यांत दक्षिणेकडच्या तालुक्यात कामाला होता. त्याला काही कळलं नाही. दोन वर्षांनी, मे महिन्यात, गेरार्डचा दुसरा अर्ज आला. ‘नैसर्गिक धुपीमुळे जमिनीचा कस उतरला आहे.’ वळणदार अक्षर होतं, गेरार्डचं नक्कीच नव्हतं.

आम्ही परत गेलो. शेताच्या कडेला गाडी थांबली आणि तेओफिल उतरला, तो उतरल्या जागीच उभा राहिला. शेत तांबडं दिसत होतं. सोलल्यासारखं. धोंडे उघडे पडलेले, पाणी डबक्यांत साचलेलं, ओट्स पेरले होते ते वीतभर आणि पिवळे. नासपतीचं झाड तेवढं होतं तिथेच, पण एका मातीच्या ओट्यावर, मुळं बाहेर आलेली. त्याच्याभोवतीची जमीन गुडघ्याएवढी खाली गेली होती. यंत्रवाल्यांना झाड तोडायचा कंटाळा आला असणार.

“काय केलंस हे?” तेओफिलने विचारलं.

“मी काय करणार? पाऊस! उतार आहे ना. धुऊन नेली सगळी.” गेरार्डने टोपी मागे सारली. “निसर्गापुढे कुणाचं चालतं, लाबुडासाहेब?”

“पावसाने नेली.”

“हो की.”

“आणि पाऊस झाडाला वळसा घालून पडला.”

गेरार्ड हसला. आता त्याला हसायला हरकत नव्हती. “तुम्ही खड्डा खणा. खड्ड्यात काय आहे ते लिहा. आयुष्यभर हेच सांगत आलात ना लोकांना? माझ्या बापालाही हेच सांगितलंत.”

तेओफिलने पूर्वीच्या खड्ड्यापासून चार पावलांवर खणलं. वर आठ सेंटिमीटर मळकट माती, तीही नांगराने कालवलेली. फिकट थर गायब. थेट तांबूस चिकट पोयटा, त्यात ओट्सची मुळं आडवी पसरलेली, खाली जायला वाट नाही म्हणून. गंजाचे ठिपके, पाणी तुंबल्याची खूण. मग ॲसिड. या वेळी फेस फार लवकर आला. त्याने पट्टी लावली, काढली, पुन्हा लावली.

“पन्नास,” तो म्हणाला. “दोन वर्षांपूर्वी नव्वद होता. चुना वर चढत नाही, गेरार्ड. बर्फ गेल्यापासून पाऊस त्याला खालीच ढकलतोय, हजारो वर्षं. चुना आहे तिथेच आहे. वरून चाळीस सेंटिमीटर गेलेत. आणि पावसाने नेले असते तर खाली बांधाशी साचले असते. बांधाशी काय आहे? धोंडे.”

“असेल. पण वर्ग काय?”

हा प्रश्न होता आणि गेरार्ड मूर्ख असला तरी हा प्रश्न मूर्खाचा नव्हता. तेओफिल खड्ड्याच्या काठावर पाय आत सोडून बसला. अर्धा तास बसला असेल. ब्रिगिडा या वेळी आली नव्हती आणि केकही नव्हता. गेरार्ड लांब जाऊन सिगरेट ओढत राहिला. मला राहवेना. मी खाली वाकून कुजबुजले, “तिसरा-अ लिहा आणि मोकळे व्हा. कोण बघायला येतंय?”

“मी बघतोय की.”

“अहो, त्याने जमिनीची चामडी सोलून विकली! आणि तुम्ही त्यालाच हवा तो कागद देणार?”

“वर्ग खड्ड्यात असतो तोच, ऊर्सुलाबाई. चाळीस सेंटिमीटर शहरात गेलेत. त्यांना मी इथून वर्ग कसा देऊ?” त्याने मुठीतला पोयटा दाबला. बोटांचे ठसे उमटले. “मामाच्या घरी माझ्या वयाची, लग्नाच्या वयाची पोरं होती. त्यांच्यात मी पुन्हा कधी बसलो नाही. का, तर खड्ड्यात होतं ते लिहिलं म्हणून. आज नसलेलं लिहिलं, तर मग ते सगळं कशासाठी केलं?”

मी त्याला तोंडावर मूर्ख म्हटलं. त्याने मान हलवली. चालेल, अशी.

मग त्याने अहवाल माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच्या हाताने लिहिला. पहिल्या पानावर खड्ड्याची मापं आणि वर्ग, चौथा-ब. मग दुसरं पान मागून घेतलं. त्यावर त्याने दोन्ही खड्ड्यांचे थर शेजारी शेजारी काढले, चुन्याच्या रेषा जोडल्या, नासपतीच्या ओट्याची उंची लिहिली आणि खाली लिहिलं की सुपीक थर दोन वर्षांच्या आत यंत्राने काढून नेलेला आहे, हे कस उतरणं नव्हे, नासधूस आहे. माती कुठे गेली आणि कुणी घेतली याची चौकशी व्हावी, मालकाला ती परत टाकायला लावावी आणि तोवर या वर्गाच्या आधारावर कसलीही परवानगी देऊ नये. इतकं लांब वाक्य त्याने जन्मात कधी लिहिलं नव्हतं. सही केली तेव्हा त्याला जरा बरं वाटलेलं दिसलं. त्याला वाटलं, खरंही लिहिलं आणि चोरालाही मोकळं सोडलं नाही. सगळं त्या दुसऱ्या पानावर होतं.

खड्डा बुजल्यावर गेरार्ड शिंग घेऊन पुढे आला. मोठ्या मनाने. “घ्या आता. खड्डा बुजला.” तेओफिलने दोन्ही हात खिशात घातले. मग गेरार्डने शिंग माझ्यापुढे केलं. मी चिमूट घेतली.

कचेरीत आमच्या साहेबांनी अहवाल चाळला. साहेब म्हणजे नवी खुर्ची मिळाल्यापासून ती सुटू नये एवढीच काळजी असलेला माणूस. पहिलं पान वाचलं. दुसरं पान असं धरलं जसं त्यावर काहीतरी सांडलंय. “ऊर्सुलाबाई, नोंदवहीत वर्ग लिहितात की कहाण्या?”

“वर्ग, साहेब.”

“मग बघा काय ते.” आणि जेवायला गेले. त्यांनी पान काढ म्हटलं नाही, ठेव म्हटलं नाही. असले लोक कधीच काही म्हणत नाहीत.

नोंदवहीत मी लिहिलं, ‘फोर्मेला गेरार्ड, आठ हेक्टर, चौथा-ब.’ पहिलं पान फाइलला लावलं. दुसरं पान फाइलला लावलं नाही. ते माझ्या खणात गेलं आणि खण मी कुलूपबंद केला. शेऱ्याला नोंदवहीत रकाना नाही, हे खरंच आहे, नियमावली काढून बघा.

पुढच्या उन्हाळ्यात तळ्याकडच्या उतारावर एकतीस घरं उभी राहिली. आणि गंमत ऐका. त्या घरांच्या अंगणात गवत उगवेना. पाणी मुरेना, धोंडे काढता काढता शहरातल्या लोकांचे हात सोलले. शेवटी त्यांनी ट्रक लावून बाहेरून काळी माती विकत आणली. गेरार्ड बाजूला उभा राहून कुठे ओतायची ते दाखवत होता. त्याच्या काठावरच्या सहा शेजाऱ्यांनीही आपली शेतं ‘सपाट’ करून घेतली. वाट माहीत झाली होती.

त्या शरदात तेओफिल कचेरीत आला. पायपुसण्याला पाय पुसून आला, तेव्हाच मला धस्स झालं. फोर्मेलाची फाइल मागितली. मी दिली. त्याने उभ्यानेच उघडली, एक पान पाहिलं, ते उलटलं, मागे कोरं होतं.

“दुसरं पान?”

“शेऱ्याला रकाना नसतो, लाबुडासाहेब. तुम्हाला माहीतच आहे.”

“फाइलला लावायचं होतं. टाचणीने.”

“साहेबांनी बघितलंय सगळं,” मी म्हणाले.

त्याने फाइल मिटली, दोरी पूर्वीसारखी बांधली आणि परत दिली. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्याला उत्तर देता येतं, आणि मी ते तयार ठेवलं होतं. महिन्याभरात त्याने काम सोडल्याचं पत्र टपालाने पाठवलं. लोक म्हणाले, वय झालं. गेरार्ड म्हणाला, “शेवटी त्यालाही कळलं की माझी जमीन चौथ्या वर्गाची होती.” सत्तेचाळीस वर्षांत एकदा तेओफिल चुकला होता, ही गोष्ट गावाला इतकी आवडली की ते ती अजून सांगतात. वाचनालयातला फोटो बघतानाही सांगतील.

आता राहिलं ते सांगते. त्याच्यानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी तो माझ्या घरी आला. कचेरीचा शिक्का आणि ओळखपत्र त्याच्याकडे राहिलं होतं, ते द्यायला. कचेरी बंद होती म्हणून घरी. मी मागच्या वाफ्यात टोमॅटोला काठ्या बांधत होते. आमचं घर टेकडीच्या वाळूच्या अंगाला आहे, शेजारच्या कुणाच्या अंगणात धड अजमोदासुद्धा येत नाही. माझे टोमॅटो त्या वर्षी मुठीएवढे होते आणि फांद्यांना पेलत नव्हते.

“ठेवा तिथे बाकावर,” मी म्हणाले. “सरबत आणू का?”

तो वाकला होता. त्याला दुसरं येतच नव्हतं, कुठेही माती दिसली की बोटं जायचीच. वाफ्यातून चिमूटभर काळी माती उचलली, थुंकीने ओली केली, अंगठ्याने वळली. वात वळली गेली. त्याने ती वाकवली आणि किंचित भेगाळलेली बघत राहिला. मग माझ्या कुंपणापलीकडच्या वाळूकडे बघितलं, मग टोमॅटोंकडे.

“तिसरा-अ,” तो स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला आणि माती होती तिथे हळूच ठेवली.

“एकच ट्रॉली घेतली,” मी म्हणाले. “सगळेच घेत होते.”

त्याने मला काहीच विचारलं नव्हतं. हात झटकले, शिक्का बाकावर ठेवला आणि फाटकाची कडी आठवणीने लावून गेला.